शब्बाथचे जेवण आणि रांधणारीचा विसावा



गुरुवारची संध्याकाळ झाली की आपल्या पुष्कळ घरांत एकच प्रश्न उभा राहतो: उद्या शब्बाथसाठी काय करायचे? आणि त्या प्रश्नापाठोपाठ दुसरा, सहसा तोंडाने न विचारला जाणारा: कोण करणार? तळलेले मासे, माशाचे कालवण, हिरव्या मसाल्यातली कोंबडी, नारळी भात आणि वर काहीतरी गोड, असा बेत दर शुक्रवारी झालाच पाहिजे असे आपल्यांतील काही वडीलधारी मंडळी म्हणतात. तरुण घरांतून याच्या उलट ऐकू येते. दोघेही नोकरी करतात, शुक्रवार दुपारपर्यंत धावपळ असते, मुलांना श्नीत्सेल पुरते. मग हा खटाटोप कशासाठी? तयार जेवण आणावे, नाहीतर शेजारणीसारखी एक कोंबडी ओव्हनमध्ये भाजायला ठेवावी आणि मोकळे व्हावे.

हा वाद केवळ चवीचा नाही. त्यात आईवडिलांचा मान आहे, सुनेची दमछाक आहे आणि आपल्या मुलांच्या हाती आपण काय ठेवून जाणार हा प्रश्नही आहे. म्हणून या शब्बाथला आपण तोरा काय सांगते, आपले हाखामीम काय सांगतात आणि आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी काय केले, हे तिन्ही समोर ठेवून विचार करू.

प्रथम तोरा. शेमोथच्या सोळाव्या अध्यायात मान्नाची हकीकत आहे. रानात इस्राएल लोकांना रोज माणशी एक ओमेर मान्ना मिळत असे आणि सहाव्या दिवशी दोन. जे भाजायचे ते आजच भाजा, जे उकडायचे ते आजच उकडा आणि उरलेले उद्यासाठी ठेवा, असे मोशे रब्बेनूंनी लोकांस सांगितले. म्हणजे शुक्रवारी रांधून ठेवण्याची रीत कोणा आजीने काढलेली नाही. ती रानातल्या तंबूंतून चालत आली आहे. त्याच अध्यायात शब्बाथच्या मान्नाविषयी बोलताना ‘आज’ हा शब्द तीन वेळा आला आहे आणि त्यावरून शब्बाथला तीन जेवणे घ्यावीत असे हाखामीमांनी ठरविले. यशाया नाबीने अठ्ठावन्नाव्या अध्यायात शब्बाथला आनंद म्हणावे असे सांगितले आहे. तेव्हा शब्बाथचे मेज मांडावे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. ते मांडलेच पाहिजे, दर आठवड्याला मांडले पाहिजे.

परंतु एक गोष्ट नीट पाहावी. त्या दिवशी दोन वाटे मिळाले. दोन पक्वान्ने मिळाली नाहीत. शुक्रवारी जो मान्ना, तोच शब्बाथला. परमेश्वराने पुरेसे दिले, वेळेवर दिले आणि लोक शब्बाथच्या दिवशी स्वस्थ बसावेत म्हणून दिले. त्या मेजाची थोरवी ताटांच्या संख्येत नव्हती.

आता आपल्या पूर्वजांकडे वळू. कोकणात आपल्या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाणा चालविणारे इतर तेलीही होते. पण शनिवारी ज्यांचा घाणा बंद, ते आपले. या नावाचा अर्थ मनात आणावा. त्या काळी आपल्या लोकांजवळ तोरेची गुंडाळी नव्हती, सिद्दूर नव्हता. तेफिल्लांपैकी शेमा तेवढा ओठांवर राहिला होता. तरी गावातल्या परक्या माणसालाही समजे की आज या घरचा बैल उभा आहे, म्हणजे आज यांचा शब्बाथ आहे.

आणि चुलीचीही तीच गोष्ट. दाविद राहाबी यांची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. त्यांचा काळ कोणता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कथा सर्वांना ठाऊक आहे. हे लोक खरोखर इस्राएलचे की काय, हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले. बाकीचे आम्ही खात नाही, म्हणून बाजूला सारले. समुद्राकाठी राहून कोळंबी, चिंबोऱ्या आणि मुशी यांना हात न लावणाऱ्या त्या बायकांनी आपल्या समाजाची ओळख पटवून दिली. ग्रंथ नव्हता, परंतु चूल विसरली नव्हती.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली पूर्ण केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेलेला आपल्या समाजाचा इतिहास पाहावा. त्यात आपल्या सणांची जुनी नावे आहेत. तिशा बेआवला आपले लोक बिरड्याचा सण म्हणत. तिशरी महिन्यात खिरीचा सण असे. हिब्रू नावे विसरली गेली, पण भांड्यात काय शिजते त्यावरून सण ध्यानात राहिला. ज्यांना आजींच्या स्वयंपाकाचा आग्रह वाटतो, त्यांच्या मागे एवढा मोठा आधार आहे. त्यांना कोणी जुनाट म्हणू नये. रश्शाला दाटपणा आणायला दही-दुधाऐवजी नारळाचे दूध घालणाऱ्या आजीने मांस आणि दूध वेगळे ठेवण्याचा नियम पुस्तकावाचून नातवाला शिकविला. शाळेत मुले हिब्रू शिकतील, सिनेगॉगमध्ये तेफिल्ला शिकतील. हा धडा घराखेरीज दुसरीकडे कोठे मिळणार?

मग काय, दर शुक्रवारी संपूर्ण बेत झालाच पाहिजे? येथे आम्ही थांबून आणखी एक वचन ध्यानात आणतो. शब्बाथ पाळण्याची आज्ञा तोरेत दोनदा आली आहे, शेमोथच्या विसाव्या आणि देबारीमच्या पाचव्या अध्यायात. दोन्ही ठिकाणी तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी आणि तुझी जनावरे, सर्वांना विसावा सांगितला आहे. देबारीममध्ये तर बैलाचे आणि गाढवाचे नाव घेतले आहे आणि दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असे कारणही दिले आहे. घाण्याच्या बैलाला आपल्या पूर्वजांनी हा हक्क दिला. मग शुक्रवारी दुपारी कामावरून येऊन तीन तास उभी राहणारी, दिवे लावताना पाठ धरलेली, किद्दुशच्या वेळी डोळे मिटत असलेली आणि सर्वांची ताटे वाढून शेवटी खाणारी जी घरची स्त्री, तिला तो हक्क नाही काय? बैल सुटला आणि बाई जुंपलेलीच राहिली, तर आपण शब्बाथ पाळला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

शुक्रवारी काम करण्यास मनाई नाही, हे खरे. पण शब्बाथ हा आनंद आहे, असे नाबी म्हणतो. आणि ज्या घरात एकीच्या थकव्यावर इतरांचा आनंद उभा असतो, तेथे त्या आनंदात काहीतरी कमी आहे.

हाखामीम या बाबतीत फार स्पष्ट बोलले आहेत. तालमूदच्या शब्बाथ मासेखेतमध्ये असा प्रश्न आहे की, एखाद्या गरीब माणसाजवळ एकाच वस्तूपुरते पैसे आहेत. त्याने घरच्या दिव्यासाठी तेल घ्यावे की किद्दुशसाठी द्राक्षारस? राबा यांनी दिव्याचा पक्ष घेतला. कारण दिव्यामुळे घरात शांती राहते. अंधारात माणसे अडखळतात आणि चिडतात. पाहा, किद्दुशचा प्यालादेखील घरच्या शांतीपुढे मागे सरला. मग तिसऱ्या-चौथ्या पदार्थाची काय कथा? ज्या बेतापायी शुक्रवारी दुपारी नवरा-बायकोत आणि सासू-सुनेत शब्दाला शब्द लागतो, तो बेत कितीही चविष्ट असो, त्याने दिवा विझविला.

त्याच मासेखेतमध्ये शब्बाथचा आनंद कशाने करावा, असेही विचारले आहे. उत्तरात बीटाची भाजी, मोठे मासे आणि लसूण यांची नावे आली आहेत. पण लगेच पुढे सांगितले आहे की, शब्बाथच्या मानासाठी केलेली लहानशी वस्तूही आनंदच होय. आणि राब पापा यांनी उदाहरण दिले ते लहान माशांच्या साध्या पदार्थाचे. कोकणात तळलेल्या मांदेलीवर शब्बाथ साजरा करणाऱ्या गरीब घरांना हे वचन वाचल्याशिवाय ठाऊक होते. १९४९ ते १९५९ या काळात या देशात रेशनिंग होते. त्या वर्षांत आलेल्या आपल्या माणसांनीही जे हाती पडले त्यावर बेराखा म्हटली. त्यांचा शब्बाथ आपल्यापेक्षा उणा नव्हता. रिब्बी अकिवा यांनी तर लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा शब्बाथचे जेवण रोजच्यासारखे साधे करावे, असे सांगून ठेवले आहे. कर्ज काढून मेज भरण्यास धर्माचा आधार नाही.

आणि आता पुरुष मंडळींनी कान द्यावा. तालमूदमध्ये त्याच ठिकाणी, एकशे एकोणिसाव्या पानावर, थोर थोर हाखामीम एरेव शब्बाथला स्वतः काय करीत, याची यादी आहे. राबा मासे खारवीत. राब हिस्दा बीट चिरीत. रब्बा आणि राब योसेफ लाकडे फोडीत. राब पापा वाती वळीत. राब नाहमान स्वतः ओझी आत-बाहेर वाहत. यांच्या घरी नोकर-चाकर होते, विद्यार्थी होते; नुसते बोट दाखविले असते तर दहा जण धावले असते. तरी राजा घरी येणार असेल तर यजमानाने स्वतः झटावे, तसे ते झटत. आपल्या घरी मात्र राजा येतो तेव्हा यजमान वर्तमानपत्र वाचीत बसतात आणि मीठ कमी झाले तेवढे सांगतात. राब हिस्दांना बीट चिरण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला कांदा चिरण्यात का वाटावा?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. मेज दर शब्बाथला मांडावे. त्यात खंड नको. दिवे, किद्दुश, दोन पाव आणि घरची सर्व माणसे एकत्र, एवढे झाले की ते शब्बाथचे मेज झाले. त्या मेजावर आपल्या हातचा, आपल्या रीतीचा एक तरी पदार्थ असावा, म्हणजे मुलांना आपण कोठून आलो ते कळेल. एकच पुरे. या आठवड्यात कालवण, पुढच्या आठवड्यात नारळी भात, केव्हा मनुकांचे शरबत किद्दुशसाठी. बाकीचे साधे असो, की शेजारणीच्या रीतीने भाजलेली कोशेर कोंबडी असो. भाजलेल्या कोंबडीने कोणी बेने इस्राएल राहत नाही असे नाही. संपूर्ण बेत सणावारी करावा, मुलगा सैन्यातून रजेवर आला की करावा. पण तोही सर्वांनी मिळून.

काम वाटून घ्यावे. मासे आणण्याचे आणि साफ करण्याचे काम वडिलांकडे द्यावे. मसाला गुरुवारी रात्री वाटून ठेवावा. डिसेंबरात येथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या दिवसांत सर्व काही शुक्रवारवर टाकणे म्हणजे भांडणाला बोलावणे होय. मुलांनी मेज मांडावे आणि जेवणानंतर उचलावे. मुलींनी तसे मुलग्यांनीही. सासूबाईंना उभे राहणे जमत नसेल तर त्यांनी खुर्चीवर बसून सांगावे आणि नातवाने पातेल्यात ढवळावे. अंदाजाने मीठ घालणाऱ्या त्या हाताचे माप कोणीतरी वहीत लिहून घ्यावे, कारण तो हात कायमचा राहणार नाही. सूनबाईंनीही हे ध्यानात ठेवावे की म्हातारीचा आग्रह पुष्कळदा पदार्थासाठी नसतो. आपण गेल्यावर आपली आठवण कोण काढील, या भीतीने ती बोलत असते. तिच्याजवळ बसून एक पदार्थ शिकून घेतला तर पाच पदार्थांचा हट्ट आपोआप सुटेल.

आणि जी रांधते, ती किद्दुशच्या आधी बसली पाहिजे. तिचे ताट पहिल्याने वाढले जावे. एशेत हायिल म्हणून तिची स्तुती गायची आणि गाणे संपताच तिला पुन्हा आत पाठवायचे, ही रीत आपण सोडून देऊ या.

आपल्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसे आहेत, ज्यांची मुले दूर गावी आहेत. एक पदार्थ कमी करा आणि एक खुर्ची वाढवा. अब्राहाम आबिनूंच्या तंबूत पाहुण्यांसाठी स्वतः अब्राहाम गुरांकडे धावला आणि भाकरीसाठी सारा उठली. दोघांनी मिळून केले, म्हणून ते आतिथ्य आजवर सांगितले जाते.

शनिवारी उभ्या राहिलेल्या घाण्यावरून जगाने आपल्याला ओळखले. आपल्या नातवंडांनी आपल्याला शुक्रवारच्या अशा मेजावरून ओळखावे, जेथे आई दमलेली नाही, बाप रिकामा बसलेला नाही आणि पातेल्यातून आपल्या मसाल्याचा वास येतो आहे. परमेश्वर आपल्या सर्व घरांत असा शब्बाथ देवो, आणि आपल्या मेजांवर शांती राहो. आमेन.