न पाहिलेल्याची साक्ष

जे आपण पाहिले नाही त्याविषयी साक्ष द्यावी काय? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील डॉ. सी. माणिक्यांबा व सहकारी यांनी गदवाल येथील बोनिनाइट खडकांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. त्या खडकांत मॅग्नेशियम पुष्कळ, टायटॅनियम अगदी थोडे. आज असा खडक मुख्यत्वे भूकवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली शिरतो तेथे सापडतो. २५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गदवालासही तसेच घडले असावे, असे त्यांनी अनुमान केले. पाहणारा कोणी नव्हता. म्हणून कणाकणाची तपासणी करूनच ते बोलले.

प्रियजनहो, दगडाला अब्रू नसते, माणसाला असते. मंडळीत कोणाविषयी कुजबुज कानी आली, तर त्याला निदान दगडाइतका तरी न्याय आपण द्यावयास नको काय?