अंतर कुणी ठरवायचं?

वन्यजीवांच्या छायाचित्रणासाठी मिररलेस कॅमेऱ्याला कोणती लेन्स घ्यावी, याचं उत्तर सहसा मिलिमीटरमध्ये मिळतं. १००-४०० घेऊन दिवसभर हिंडता येतं. सोनीच्या २००-६००चा पल्ला मोठा, पण वजन दोन किलोंच्या वर. कॅननची ८०० एमएम एफ/११ हलकी आणि त्या मानाने स्वस्त, पण पहाटेच्या अंधुक उजेडात अडखळणारी. हे सगळं खरंच आहे. मला मात्र या निवडीत एक नैतिक प्रश्नही दिसतो: प्राण्यापासून किती लांब थांबायचं, आणि ते कुणी ठरवायचं?

गणित सोपं आहे. ३०० एमएमने ३० मीटरवरून पक्षी चौकटीत जेवढा दिसतो, तेवढाच ६०० एमएमने ६० मीटरवरून दिसतो. लांब लेन्समुळे ३० मीटर शिल्लक पडतात. ते कुणाच्या पदरात पडतात, हा खरा मुद्दा.

भिगवणला, उजनीच्या फुगवट्यात, रोहितांच्या थव्याकडे बोट सरकू लागली की उत्तर कळतं. थवा मिळाला की एकटा पक्षी हवा असतो, तो मिळाला की त्याचा डोळा. लेन्स वाढली तरी बोट पुढेच जाते. मग माना ताठ होतात, चरणं थांबतं, पक्षी पाण्यावर धावत सुटतात आणि उडतात. पंखांतला गुलाबी-काळा रंग फोटोत झळकतो. ते उड्डाण आपणच घडवलं, हे फोटो सांगत नाही.

कुणी म्हणेल, पक्षी पुन्हा उतरतातच, एका बोटीने काय बिघडतं? उतरतात, खरं आहे. पण त्यांच्या वाट्याला एकच बोट येत नाही. दर वेळी चरण्याचा वेळ आणि अंगातली ताकद त्यांची खर्च होते. मिररलेसचं शटर नि:शब्द झालं, म्हणून आपण तिथून नाहीसे होत नाही.

मग महागडी लेन्स परवडत नाही त्याने फोटो काढूच नयेत का? जरूर काढावेत. पक्षी छोटा आणि पाणी, गवत, आभाळ मोठं, असाही फोटो असतो. तो पक्ष्याचं घर दाखवतो. लांब लेन्सने संयम सोपा होतो, पण तो आपोआप येत नाही. माझ्यापुरता निकष एवढाच: आपण आल्यावरही प्राणी जे करत होता तेच करत राहिला, तर अंतर बरोबर. लेन्स त्या अंतराला बेतून घ्यावी. आणि ती तोकडी पडली, तर फोटो सोडावा.