'केमिकल-फ्री' गुळाची पाटी

कोल्हापूरहून कळे, साळवण करत गगनबावड्याकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ऊस संपता संपत नाही. हंगामात गुऱ्हाळांची चुलवाणे पेटतात आणि गूळ विकायला मांडला की हल्ली शेजारी एक पाटी हमखास लागते: 'केमिकल-फ्री गूळ'. पाटी लावणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. आपण गुळात हायड्रोस हे रंग उतरवणारे रसायन घातलेले नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. पण पाटी सांगते ते भलतेच. गुळाचा मुख्य घटक सुक्रोज. त्याच्या एका रेणूत कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22 आणि ऑक्सिजनचे 11 अणू असतात. हे रसायन वगळले तर ढेपेत उरणार काय? बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे पहिल्याच धड्यात शिकतो आणि बाहेर पडून तोच पाटी वाचून दहा रुपये जास्त मोजतो. खंत वाटावी अशीच ही गोष्ट आहे, कारण याच कोल्हापुरात विज्ञान शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीतून रसायनशास्त्र लिहिले होते.

गुऱ्हाळात काय चालते ते जवळून पाहावे. काहिलीत रस तापू लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस सोडतो. रसातली प्रथिने आणि गाळ त्याला धरून वर येतात आणि ती मळी काढून टाकली जाते. मग चुन्याची निवळी. उसाचा रस मुळात आम्लधर्मी असतो. आम्लात उकळताना सुक्रोज फुटते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. ही दोन्ही वाढली तर गूळ नीट बसत नाही, हवेतला ओलावा ओढतो, पाझरतो. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या गगनबावड्यात असा गूळ पावसाळा काढत नाही. चुना ते आम्ल मारतो. तो जास्त झाला तर मात्र गूळ काळवंडतो. हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग उतरवून ढेप पिवळीधमक करते. तो रंग साठवणीत पुन्हा गडद होतो आणि गुळात गंधकाचा अंश राहतो तो वेगळाच. चुनाही रसायन, हायड्रोसही रसायन. एक हवे आणि दुसरे नको, याचे कारण प्रत्येकाच्या गुणात आणि मापात आहे.

'निसर्गाचे ते वेगळे, रसायन ते वेगळे' ही समजूत आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने सजीवांतून मिळणाऱ्या पदार्थांचा वेगळा वर्ग मानला. हे पदार्थ घडायला एखादी 'जीवनशक्ती' लागते, असा त्या काळी अनेकांचा समज होता.

पाठ्यपुस्तकांची गाडी इथून सरळ 1828 सालावर जाते. फ्रीडरिख व्होलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला, जीवनशक्तीची कल्पना त्याच दिवशी कोसळली, धडा संपला. तसे मुळीच घडले नाही. व्होलरला हवा होता अमोनियम सायनेट. सिल्व्हर सायनेट आणि नवसागर यांपासून तो करताना त्याला पांढरे स्फटिक मिळाले आणि ते मूत्रातल्या युरियाशी तंतोतंत जुळले. मूत्रपिंडाविना आपण युरिया बनवू शकतो, असे त्याने बर्झेलियसला आनंदाने कळवले. पण आक्षेपही त्यानेच नोंदवला: सायनेटसाठी लागणारा कच्चा माल शेवटी प्राण्यांच्या अवशेषांतूनच आला होता. जीवनशक्ती मानणाऱ्यांना तेवढी फट पुरेशी होती. लीबिगसारख्या रसायनशास्त्रज्ञानेही ती कल्पना पुढे अनेक वर्षे सोडली नाही. एका प्रयोगात पडदा पडला ही निव्वळ दंतकथा आहे, असे विज्ञानाचे इतिहासकार डग्लस मॅकी यांनी 1944 साली स्पष्ट लिहिले. तरी ती वर्गावर्गांत अजून सांगितली जाते.

या दंतकथेमुळे त्या प्रयोगातली खरी मोलाची गोष्ट झाकली गेली. अमोनियम सायनेट आणि युरिया यांत तेच अणू तितक्याच संख्येने असतात, आणि तरीही ते दोन निराळे पदार्थ आहेत. सिल्व्हर सायनेट आणि स्फोटक सिल्व्हर फल्मिनेट यांचे असेच कोडेही तेव्हा ताजेच होते. बर्झेलियसने 1830 साली या प्रकाराला समघटकता हे नाव दिले. पदार्थाची ओळख त्याच्या घटकांत आणि त्या घटकांच्या मांडणीत असते. तो मूत्रपिंडातून आला की काचेच्या भांड्यातून, याने ती ओळख बदलत नाही. 1828 चे मोल या विचारात आहे, आणि गुळाच्या पाटीवरून नेमका हाच विचार पुसला गेला आहे.

जीवनशक्तीची कल्पना मागे पडण्याचा पुढचा प्रवास लांबला. कोल्बेने 1845 मध्ये निर्जीव द्रव्यांपासून अॅसिटिक आम्ल बनवले. साखर आंबायला जिवंत पेशीच लागते, असे पाश्चर मानत असे. पण बुखनरने 1897 मध्ये यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेच साखर आंबवून दाखवली.

पदार्थाची ओळख तो कुठून आला यावर ठरत नाही, हा विचार गगनबावड्याच्या शिवारात रोज पणाला लागतो. गाईच्या मूत्रातला युरिया आणि पोत्यातला युरिया यांचा रेणू एकच. जमिनीतले विकर दोन्ही सारखेच फोडते, त्याचा अमोनिया होतो आणि पुढे नायट्रेट. फरक पडतो तो मात्रेत आणि सोबतच्या द्रव्यांत. गोमूत्र बहुतांश पाणीच असते, तर पोत्यातल्या युरियात 46 टक्के नत्र असते. इथल्या मुसळधार पावसात एकदम टाकलेल्या खताचे नायट्रेट पाण्याबरोबर निचरून जाते, म्हणून हप्त्याहप्त्याने खत देणारा शेतकरी शहाणा. त्याचे गणित किती आणि केव्हा यावर चालते. 'रासायनिक' या शब्दाला घाबरून किंवा भुलून ते सुटत नाही.

ग्राहकानेही तेच विचारावे: गुळात काय घातले, किती घातले? कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत याचा शोध सुरू करता येतो. नमुन्यात आम्ल घालून तापवावे आणि वाफेवर आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद धरावा. सल्फर डायऑक्साइड पुरेसा सुटला तर नारिंगी कागद हिरवा होतो. नेमके प्रमाण काढायचे तर तो वायू ऊर्ध्वपातनाने वेगळा करून अनुमापन करावे लागते. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ऊस व गुळाचे संशोधन केंद्रही कोल्हापुरातच आहे. ढेपेवरच्या चिठ्ठीत चुना किती, भेंडी घातली की नाही आणि गंधकाचा अंश किती एवढ्या तीन ओळी छापायला अवघड काहीच नाही.