खाट कोणाची, शब्द कोणाचा?



१९०५ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी सोशल वर्कर नेमली. नुसत्या औषधाने भागत नाही, रुग्णाच्या घरची स्थितीही पाहावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे अमेरिकेत ‘मॅनेज्ड केअर’ आली. १९७३च्या कायद्याने तिला बळ मिळाले. कोणत्या उपचाराला मंजुरी द्यायची, खाट किती दिवस द्यायची, हे पैसे भरणारी संस्था ठरवू लागली. बाळंतिणीला एका दिवसात घरी धाडण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा १९९६ साली ४८ तासांचा कायदा करावा लागला.

रुग्णाला वेळेत घरी पाठवण्याची व्यवस्था सोशल वर्करकडे आली. पगार हॉस्पिटलचा, विश्वास रुग्णाचा. समजा, खुब्याचे हाड मोडलेली एकटी आजी आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मंजूर दिवस संपले. फाइलमध्ये आजार थोडा वाढवून लिहिला तर आणखी चार दिवस मिळतील. लिहावा का?

दयेपोटी बोललेले खोटे, त्यात पाप कसले, असे आपण सहज म्हणतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट त्यालाही मुभा देत नाही. एरवी तो मला फार कडक वाटतो (सेमिनरीत त्याने आम्हांला पुष्कळ रडवले), पण इथे माझा कल त्याच्याकडे आहे. मर्यादा असणे हाच काही अन्याय नव्हे; पैसा सर्वांच्या हप्त्यांतून आलेला असतो. शिवाय एक खोटे पकडले गेले की पुढच्या आजीच्या खऱ्या कागदावरही संशय येतो. मात्र खोटे न लिहिणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. जिना खरा आहे, एकटेपण खरे आहे. तेच स्पष्ट लिहावे, नकार आला तर अपील करावे, वरिष्ठांची नाराजी पत्करावी. हे अधिक कठीण, कारण इथे आपले नाव लावून उभे राहावे लागते.

दयाळू शोमरोन्याने उतारशाळेवाल्याला दोन नाणी दिली आणि जास्तीचा खर्च परतताना देईन असे सांगितले. म्हणून त्याला खरा हिशेब द्यायला भीती नव्हती. पैसे देणाराच अशी जागा ठेवत नाही, तिथे खोटेपणाचा निम्मा दोष त्याचाही.

आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केली. तिच्यासाठी सोशल वर्करकडे जाल तेव्हा उत्पन्नाचा दाखला खरा न्या. आणि घरची अडचण लाजेने लपवू नका. तुम्हीच सांगितली नाही, तर ती बिचारी लिहिणार काय?