पाईक आणि पडद्यावरचे वीर

देहू हे तुकोबांचे गाव. एका अंगाला देहूरोडची लष्करी छावणी, दुसऱ्या अंगाला तळवडे-चाकणचे कारखाने, आणि मधे इंद्रायणी. या पट्ट्यात पाळी करून घरी परतणाऱ्या तरुणाला ब्रूस ली, जॅकी चॅन, टायगर श्रॉफ, विद्युत जामवाल यांची ओळख करून द्यावी लागत नाही. गळ्यात माळ असलेल्या घरातला मुलगाही त्यांच्या लाथाबुक्क्या मन लावून पाहतो. जाणत्यांना यात विसंगती दिसते. भूतदया सांगणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मनाला मारामारीचे एवढे वेड का लागावे, असे ते विचारतात. मला हा प्रश्न चुकीच्या जागी ठेवलेला वाटतो. या चित्रपटांत धर्मबुद्धीला खटकावे असे काही आहे, यात शंका नाही. पण ते मारामारीत नाही. साधनेला लागणारा काळ हे चित्रपट चोरतात, खटकायला हवे ते हे.

मारामारीचा आक्षेप आधी निकालात काढू. तुकोबांच्या गाथेत पाइकाचे, म्हणजे पायदळातल्या शिपायाचे, अभंग आहेत. ते शिवरायांच्या मावळ्यांना उद्देशून सांगितले, असे परंपरा मानते. तो प्रसंग इतिहासाच्या कसोटीवर उतरो न उतरो, अभंगांतला विचार स्पष्ट आहे. धन्याशी एकनिष्ठ राहणारा, देहाला कस्पट आणि सोन्याला दगड मानणारा, गोळ्या-बाणांचा मारा अंगावर घेऊन आपल्या माणसांना राखणारा तो पाईक. भक्ताने कसे असावे हे सांगायला तुकोबांना शिपाई चालला, यातच उत्तर आले. शौर्य त्यांना वर्ज्य नव्हते. ते कोणासाठी आणि कोणत्या किमतीवर, एवढेच त्यांनी पाहिले. त्यामुळे हाणामारी आहे म्हणून चित्रपट त्याज्य ठरवायचा, तर गाथेतली काही पानेही मिटून ठेवावी लागतील.

आता किमतीकडे येऊ. शॉ ब्रदर्सच्या १९७८ सालच्या ‘थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये नायक मठात येतो तो सूड घेण्याची विद्या मागायला. त्याच्या वाट्याला येतात पाण्याच्या बादल्या. दोन्ही हात आडवे ताठ धरून त्या वाहायच्या. दंडाला आतून पाती बांधलेली, हात जरा खाली आला की ती बरगडीत टोचणार. चित्रपटाचा मोठा मधला भाग अशा शिक्षणातच जातो, आणि चाहत्यांच्या आठवणीत तोच राहतो. लोकांना ठोसा आवडतो हे खरे, पण ठोशामागचे तप त्याहून आवडते. मात्र बहुतेक चित्रपट हे तप एका गाण्यात उरकतात. गाणे सुरू होताना धापा टाकणारा मुलगा गाणे संपता संपता अजिंक्य झालेला असतो. खुद्द ब्रूस लीचे आयुष्य याची साक्ष देत नाही. हाँगकाँगमध्ये पोरवयात इप मानकडे विंग चुन शिकायला लागलेला हा माणूस १९७३ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला, तोवर सराव करतच होता. त्याच वर्षी आलेल्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये मात्र तो पहिल्या दृश्यापासून तयार वीर आहे. पडद्याने फळ दाखवले आणि मधली वर्षे गाळली.

यावर कोणी म्हणेल, संतचरित्रे तरी वेगळे काय करतात? तुकोबांचे तेरा दिवसांचे उपोषण, पाण्यात तरलेल्या त्यांच्या वह्या, शेवटी वैकुंठगमन. तिथेही मधला काळ एका श्वासात सरतो. आक्षेप वजनदार आहे. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस आणि तुकोबा प्रेक्षकांच्या मनात इतके एक झाले की नट आणि संत यांतली रेघच पुसली. पण दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी त्या चित्रपटात चमत्कारांइतकाच वेळ तुकोबांची पत्नी जिजाई हिच्या संसाराला दिला. तिचे घर, तिची म्हैस, उपाशी पोरे आणि विठोबावरचा तिचा संताप. भक्तीची किंमत घरात कोण मोजते, हे तिथे दिसते. शिवाय परंपरेने आदराला वसुली लावून ठेवली आहे. कीर्तनात चमत्कार ऐकून डोळे भरून येणाऱ्याला ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघून पंढरपूरपर्यंत चालावे लागते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. पायांना फोड आणणारी ही वार्षिक आठवण चित्रपटगृहाबाहेर कोणी उभी केलेली नाही.

दुसरा आक्षेप असा, की करमणुकीवर एवढे ओझे कशाला लादायचे? ओझे मी लादत नाही. हे चित्रपटच ते उचलतात. गुरू, मठ, व्रत, त्याग ही सगळी सामग्री त्यांनी धर्माकडून घेतली आहे. घेतलेल्याचा हिशेब विचारणे अन्याय नाही. या हिशेबात चाहत्याचेही खाते आहे. नायकाचे दर्शन घेणे सोपे. त्याने केले ते रोज थोडे करणे कठीण. भोसरीच्या तालमीत किंवा पिंपरीच्या कराटे वर्गात नाव घालून, हौस ओसरल्यावरही जाणारा मुलगा त्या नायकाचा खरा भक्त. बाकीच्यांनी चित्रपट जरूर पाहावा, त्यात पाप नाही. फक्त पाहण्याला साधना समजू नये. वीरावरचे प्रेम माणसाला वीर करत नाही. त्या प्रेमापोटी तो रोज काय सोसायला तयार होतो, यावर ते ठरते.