केसभर वेळ

हे वाचताना घाई करू नका. मध्येच थांबून डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

आधी एक ओळखीचा आवाज आठवा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा. ज्या घरात कुणी गाणं शिकतं, तिथे पहाटे हा डबा गुणगुणत असतो. आमच्या घरी त्याच्या शेजारी ठेका धरणारी दुसरी पेटी होती. बटण फिरवलं की तीनताल सुरू. ती चुकत नसे, दमत नसे. गाताना माझा श्वास अपुरा पडला, सम निसटली, तरी ती आपली पुढे चाललेली असे. मग तबल्याचे मास्तर यायचे. तीच बंदिश, तोच ताल. पण समेच्या तोंडाशी मी अडखळले की त्यांचा हात केसभर रेंगाळायचा, मी येऊन पोहोचेपर्यंत.

तो केसभर वेळ मनात धरून ठेवा. आपल्याला त्याच्यासोबत थोडं लांब जायचं आहे.

२००५ साली पॅरिसमध्ये दोन माणसं पहिल्यांदा एकत्र मंचावर आली. एकाच्या पुढ्यात ड्रम्स, दुसऱ्याच्या पुढ्यात संगणक आणि मिक्सर. ड्रम्सवर स्टीव्ह रीड, वय ६१. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेले, जेम्स ब्राउन आणि फेला कुटी यांच्यासोबत वाजवलेले, माइल्स डेव्हिसच्या ‘टूटू’ या अल्बमवर ज्यांचा हात आहे असे जॅझवादक. व्हिएतनामच्या युद्धात लढायला त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी तुरुंग पत्करला. बाहेर आल्यावर स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं. समोर लंडनचा कीरन हेब्डन, तिशीही न गाठलेला. ‘फोर टेट’ या नावाने तो एकटाच संगीत करत असे. ‘पॉज’ (२००१) आणि ‘राउंड्स’ (२००३) या अल्बममध्ये छेडलेल्या तारांचे, किणकिणाऱ्या नादांचे लहान लहान तुकडे त्याने संगणकात असे गुंफले होते की समीक्षकांनी त्या संगीताला ‘फोकट्रॉनिका’ हे नाव चिकटवलं. लोकसंगीताचा मातीवास आणि यंत्र, दोन्ही एकाच शब्दात कोंबलेलं. मला तो शब्द कधीच आवडला नाही. त्यात संगीतापेक्षा कप्प्याची काळजी जास्त आहे.

दोघांत तेहतीस वर्षांचं अंतर. बाप-लेकाएवढं.

आता या दोघांच्या ‘द एक्स्चेंज सेशन’ या अल्बमचा पहिला भाग लावा, २००६ चा. नसेल जवळ, तर नुसती कल्पना करा. पहिल्या तुकड्याचं नाव ‘मॉर्निंग प्रेअर’, म्हणजे सकाळची प्रार्थना. हे सगळं एका बैठकीत वाजवलेलं आहे. नंतर काही चिकटवलेलं नाही, काही कापलेलं नाही. संगणकावर काम करणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट! ‘राउंड्स’सारखा अल्बम करताना एकेक तुकडा हवा तितका वेळ घासूनपुसून घेता येतो. इथे मात्र सुटलेला स्वर सुटला. आपल्या मैफलीत असतो तसाच.

श्वास संथ करा. पहिल्या ऐकण्यात फक्त झांजा ऐका, रीड यांच्या. दुसऱ्या वेळी फक्त संगणकातून येणारे आवाज. तिसऱ्या वेळी दोन्हींच्या मधली जागा. तिथे जरा मुक्काम करा.

यंत्राला थांबता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मग इथे थांबतं कोण? मी बराच काळ समजत होते की रीडच सगळं सांभाळून घेतात. वयाने मोठे, हात मुरलेला, तेव्हा साथीला बसून धाकट्याला वाट देणं त्यांना शोभतं. ते देतातही. पण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर दुसरा हात जाणवू लागला, मिक्सरवरचा. एखादा आवर्तनी तुकडा आत सोडायची वेळ आलेली असते आणि तो हात सोडत नाही. ड्रमचं बोलणं पुरं होऊ देतो. मग हलकेच सोडतो. तबल्याच्या मास्तरांचा केसभर वेळ मला लंडनच्या त्या मुलाच्या बोटांत सापडला.

पुढच्याच वर्षी दोघांचा ‘टंग्ज’ हा अल्बम आला. त्यात ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ आहे, इंग्लंडची शतकांपूर्वीची चाल. आजी-आजोबांच्या घरातली वस्तू उन्हात ठेवावी तशी ती मधोमध ठेवलेली आहे. भोवती जॅझचे ड्रम्स आणि संगणक. कुणी तिला सजवत नाही. ऐकताना आपल्या घरातली एखादी ओवी मनात आली तर येऊ द्या. तिच्याभोवती कुणाचे हात हवेत, याचा विचार करत बसा.

२००८ साली ‘एनवायसी’, रीड यांच्या शहराचं नाव घेतलेला अल्बम. मधल्या काळात सेनेगलच्या डकारमध्ये रीड यांनी तिथल्या वादकांसोबत ‘डाक्सार’ हा अल्बम केला, तेव्हाही हेब्डन सोबत होता. १३ एप्रिल २०१० रोजी रीड गेले. कर्करोगाने. जेमतेम पाच वर्षांची जोडी.

इथे थोडा वेळ काहीच लावू नका. खोलीतले आवाज ऐका. नळ, जिना, रस्ता.

साथीदार गेल्यावर दुसऱ्याचा हात काय करतो? रीड यांच्यासोबतच्या त्या वादनात आणि हेब्डनच्या नंतरच्या एका अल्बममध्ये मला एक दुवा दिसतो. तो माझा तर्क आहे, पण मी त्याला धरून आहे. हेब्डनची आई दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली, भारतीय वंशाची. तिचे वडील गेल्यावर त्यांच्या संग्रहातल्या हिंदू भक्तिसंगीताच्या रेकॉर्डी नातवाकडे आल्या. २०१५ साली त्याने ‘मॉर्निंग/ईव्हनिंग’ काढला, सुमारे वीस-वीस मिनिटांच्या दोन बाजू. सकाळच्या बाजूवर, ठोक्यांच्या वर एक आवाज येतो आणि मराठी माणूस ताठ बसतो. लता मंगेशकर. ‘सौतन’ (१९८३) या चित्रपटातल्या गाण्यातला तो तुकडा आहे.

ठेका संगणकाचा, न ढळणारा. लताबाईंचा आवाज येतो, तरंगतो, जातो. तो पुन्हा कधी येईल याची आपण वाट पाहू लागतो.

ती वाट पाहताना स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्या. तो जिथे थबकतो, तिथेच राहा. आवाज येईपर्यंत.