'मी' म्हणण्याची मुभा

मित्रांमध्ये 'ओरे', जरा सौम्य हवं तर 'बोकू', बॉससमोर 'वाताशी'. जपानी पुरुषाला साधं 'मी' म्हणायलाही समोर कोण आहे ते बघावं लागतं. मला हे ढोंग वाटत नाही. आपणही माणूस बघून 'तू'चं 'तुम्ही' करतोच. खटकतं ते वेगळंच. मुलगी 'बोकू' म्हणाली की लोकांच्या भुवया उंचावतात. तिच्या वाट्याला घरीदारी बहुतेकदा 'वाताशी'च, म्हणजे पुरुष औपचारिक होताना वापरतो तो शब्द. आणि 'बोकू'च्या अक्षराचा मूळ अर्थ काय, तर चाकर! नम्रतेचा शब्दसुद्धा पुरुषांनी स्वतःकडे ठेवला. सभ्यता सगळ्यांसाठी असेल, तर ती सैल करायची मुभा एकालाच का? मराठीतला 'मी' निर्दोष वाटतो खरा, पण पुढे 'जातो' की 'जाते' ते सांगावंच लागतं. जपानी क्रियापद ते विचारत नाही.